पुन्हा समईपासून

आमच्या संस्थेला कुठलीही गोष्ट नुसती सुरू करता येत नाही. तिचं उद्घाटन व्हावं लागतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला नवं दार बसलं तेव्हाही फीत कापली होती आणि प्रमुख पाहुणे आत जाऊन कडी लावून बघून आले होते. त्यामुळे मलावी नावाच्या देशातल्या एका लहानशा विद्यापीठाने आमच्याकडून ई-लर्निंगने इतिहास शिकायचं ठरवलं, तेव्हा मला आमची नाही, त्या बिचाऱ्यांची काळजी वाटली.

मी नीलम. डहाणूच्या कॉलेजात इतिहास शिकवते. म्हणजे हजेरी घेते, आणि कॉमर्सला जागा मिळाली नाही म्हणून माझ्यासमोर येऊन बसलेल्या मुलांना अकबर आणि औरंगजेब ही दोन वेगळी माणसं होती एवढं पटवून देते. मलावी आफ्रिकेच्या पूर्व भागात, एका अफाट सरोवराच्या काठी. तिकडे इतिहास शिकणारे होते, शिकवणारे कमी. आमच्याकडे नेमकं उलटं. कुणीतरी दोघांची गाठ घालून दिली आणि विषय ठरला हिंदी महासागराचा इतिहास. आमच्या बाजूच्या किनाऱ्यांवरून कापड आणि मणी घेऊन गलबतं आफ्रिकेला कशी जात, वारा फिरेपर्यंत तिथे कशी थांबत, काय भरून परत येत. हा विषय कुणाला तरी शिकवायला मिळावा म्हणून मी कित्येक वर्षं तडफडत होते. खोटं कशाला बोलू, करार झाला त्या दिवशी मी अख्ख्या स्टाफरूमला चहा पाजला.

आमचे प्राचार्य सुदर्शन सरही खूश होते, पण त्यांचं कारण वेगळं. पुढच्या वर्षी मूल्यांकन समिती येणार होती आणि तिला दाखवायच्या फायलींत ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द कुठेच बसत नव्हता. आता बसला. पुढे त्या शब्दाचं काय करायचं असतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

पहिला धडा रेकॉर्ड करायला आम्ही संस्थेच्या तलासरीच्या शाखेत गेलो. तिथल्या हायवेकडच्या एका खोलीला सर स्टुडिओ म्हणतात. बाहेरून ट्रक गेला की खिडकीची तावदानं बोलतात. कॅमेरा दर्शनचा. दर्शन तलासरी नाक्यावरचा, लग्नं शूट करतो. मागे लावलेला सोनेरी पडदाही लग्नाचाच. त्यावरची ‘शुभविवाह’ ही अक्षरं काढली होती, पण त्यांचे डाग वाचता येत होते. मी टिपणं हातात घेऊन पडद्यासमोर उभी राहिले.

“थांबा मॅडम,” सर म्हणाले. “आधी कार्यक्रम.”

मग समई आली. सरस्वतीची तसबीर आली. पहिल्या वर्षाच्या मुली नऊवारी नेसून स्वागतगीताला उभ्या राहिल्या. अध्यक्ष एकनाथशेठ गंजाडहून निघाले होते, ते निघालेलेच राहिले. ते येईपर्यंत समईला तेल घालत बसलो. एकनाथशेठांची गंजाडला चिकूची मोठी वाडी आहे आणि ती असल्यामुळे शिक्षणावर बोलायचा अधिकार त्यांना आपोआप मिळालेला आहे. शेठ आले, दीपप्रज्वलन झालं, मग सत्कार. मलावीचा पाहुणा समोर नव्हता. म्हणून सरांनी लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला, शेठांनी त्याच्या पडद्यावर शाल पांघरली आणि पुढ्यात नारळ आणि चिकूची करंडी ठेवली. मी डोळ्यांनी पाहिलंय हे. लॅपटॉप गरम होऊन बंद पडेपर्यंत शाल कुणी काढली नाही.

नंतर शेठांचं अध्यक्षीय भाषण. “समुद्रापलीकडच्या माझ्या बंधूभगिनींनो,” अशी सुरुवात करून ते आपल्या पणजोबांवर गेले. पणजोबांनी पहिलं चिकूचं कलम कसं लावलं, मग आजोबांनी काय केलं, मग वडिलांनी. शेठ मराठीत बोलत आणि त्यांचं प्रत्येक वाक्य सर इंग्रजीत सांगत, त्यामुळे जे एकदाही ऐकायची गरज नव्हती ते दोनदा ऐकावं लागलं. मग आभार. मग सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “आता मॅडम थोडक्यात विषय मांडतील.”

मला वाटलं, झालं एकदाचं, पुढच्या धड्यापासून सुटका. कसली सुटका! सरांच्या मते प्रत्येक धडा म्हणजे नवा कार्यक्रम. “त्यांनाही आपली संस्कृती कळू दे ना,” ते म्हणाले. मी दर्शनला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा रे, आधीचं सगळं काप आणि फक्त माझं व्याख्यान पाठव.

“जवा दो ने, जाऊ द्या मॅडम,” दर्शन म्हणाला. “शेठच्या नातीचं लग्न मलाच शूट करायचंय. त्यांना कापला तर ते मला कापतील.”

त्यावर कडी म्हणजे सरांची शिस्त. आमच्या कॉलेजात तास सुरू झाला की दाराला बाहेरून कडी घालतात, मुलं पळू नयेत म्हणून. सरांनी तीच कडी संगणकाला घालून घेतली. व्हिडिओ पुढे ढकलायची सोय त्यांनी मुद्दाम काढून टाकायला लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग बघितला तरच हजेरी. मध्ये संपर्क तुटला की पुन्हा समईपासून. शिवाय परीक्षा ‘एआय’ घेणार होता. रेकॉर्डिंगमध्ये जे बोललं गेलं असेल त्यावरून यंत्रच प्रश्न काढणार, यंत्रच तपासणार. सर हे सांगताना असे फुलले होते, जणू यंत्राला जन्म त्यांनीच दिला.

दर शनिवारी तिकडच्या मुलांच्या शंका घ्यायला मी फोनवर बसायचे. पहिल्या शनिवारी बरेच जण होते, पण बोलली एकटी थोको. शेवटच्या वर्षाला होती, शिक्षिका व्हायची होती. सरोवराकाठच्या ज्या शाळेत तिने सरावाचे पाठ घेतले, तिथल्या मुख्याध्यापिकेने इतिहासाची जागा तिच्या निकालापर्यंत राखून ठेवली होती. बाकीचे सगळे पेपर सुटलेले. राहिला होता फक्त आमचा. पास झाली तर जागा तिची, नाही तर दुसऱ्या कुणाची.

तिने इंग्रजीतून अगदी अदबीने विचारलं, “मॅडम, एकनाथशेठ हे कोणत्या शतकातले व्यापारी?”

मला आधी कळेना. मग कळलं. पोरांनी व्हिडिओ मन लावून ऐकला होता. इतिहासाचा धडा आहे, सुरुवातीलाच एका माणसाला एवढा मान देतायत, तो समुद्रापलीकडच्या बांधवांना हाक मारतोय, पणजोबांपासूनची वंशावळ सांगतोय, तेव्हा हा माणूस हिंदी महासागराच्या इतिहासातला कुणी थोर व्यापारी असणार असं त्यांनी धरलं. चूक त्यांची नव्हती. शहाण्या माणसाने असंच धरलं असतं.

“आणि नंतरचं माझं व्याख्यान?” मी विचारलं.

मग थोको म्हणाली, की तिथपर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही. डेटा महाग आहे, आणि शेठांचं भाषण संपायच्या आत तो संपतो. पुन्हा भरला की पुन्हा समई. होस्टेलच्या मुली आता ते स्वागतगीत कपडे धुताना म्हणतात. अर्थ ठाऊक नाही, पण चाल छान आहे.

मला इतकी लाज वाटली की मी फोन ठेवून तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे शेठ आफ्रिकेत पोचले म्हणायचे!”

“सर, शेठ पोचले, इतिहास राहिला.”

“होईल हो हळूहळू,” म्हणत त्यांनी शेठांना फोन लावला आणि आफ्रिकेत त्यांचं शतक विचारतायत ही बातमी माझ्यासमोरच दिली. पुढच्या धड्याला शेठ खापरपणजोबांपासून सुरू झाले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण घडा निदान गप्प बसतो.

मग मी माझा मार्ग काढला. रविवारी मी झाईला माहेरी जाते. माझी आई, चंद्रा, अजून मासळी सुकवते, विकते. ती वलांडीच्या दोऱ्यांवर बोंबील टांगत होती आणि मी तिच्याशेजारी उपड्या टोपलीवर बसून फोनवर बोलत होते. छोटे छोटे तुकडे करून मी धडा बोलले आणि थोकोला पाठवला. नुसता आवाज, त्याला डेटा किती लागणार? मी सांगितलं की वारा एका ऋतूत इकडून तिकडे वाहतो आणि दुसऱ्या ऋतूत तिकडून इकडे, म्हणून व्यापाऱ्याला तिथे मुक्काम करावाच लागे आणि मुक्काम केला की भाषा, सोयरीक, भांडणं सगळंच आलं. मी सांगितलं की आफ्रिकेतलं गिऱ्हाईक भोळं होतं हे पुस्तकांतून चालत आलेलं थोतांड आहे. तिथले लोक फार चोखंदळ. यंदा निळे मणी चालतात की लाल, कापडाचा काठ केवढा हवा, हे ते ठरवत. पसंत नसलं तर माल तसाच पडून राही, आणि पुढच्या खेपेला त्यांना हवं तेच विणून न्यावं लागे.

“बरोबर आहे,” आई बोंबील टांगता टांगता म्हणाली. “गिऱ्हाईकाला नको ते टोपलीत घेऊन फिरून काय उपेग? कोण गो ती पोरगी?”

“आफ्रिकेतली. तिच्याकडेपण मासळी सुकवतात.”

“मग तिला सांग, पावसाळी हवेत घाई करू नको म्हणून.”

तेही मी पाठवलं. थोकोचं उत्तर आलं. त्यात आधी तिच्या आजीचं खळखळून हसणं होतं आणि मग थोकोचे प्रश्न: ज्याचा माल नाकारला तो व्यापारी पुढे काय करायचा? नाकारणाऱ्या बायका होत्या की पुरुष? याची नोंद कुणी ठेवली, विकणाऱ्याने की घेणाऱ्याने? इतक्या वर्षांत मला असे प्रश्न कुणी विचारले नव्हते. मी वलांडीखाली बसून रडले. आईला वाटलं, मिठाचा हात डोळ्याला लागला.

असे आमचे सगळे धडे झाले. थोकोने व्हिडिओ एकदाच, कुणाच्या तरी ऑफिसातल्या इंटरनेटवर हजेरीपुरते चालवले आणि आवाज बंद करून समोर बसून माझे तुकडे ऐकले. मला वाटलं, जिंकलो आपण.

परीक्षा झाली. निकाल माझ्या पडद्यावर आला आणि त्याबरोबर प्रश्नपत्रिकाही. दीपप्रज्वलन कुणाच्या हस्ते झाले? अध्यक्षांनी पाहुण्यांस कोणते फळ भेट दिले? अध्यक्षांच्या पणजोबांनी सर्वप्रथम काय लावले? यंत्राचा काही दोष नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये जे सगळ्यात जास्त बोललं गेलं होतं तेच त्याला महत्त्वाचं वाटलं. ज्यांनी समईपासून शेठांपर्यंत पाठ केलं होतं ती मुलं धडाधड पास झाली. वारे, मणी आणि कापड यांचा इतिहास ज्या एकुलत्या एका मुलीला येत होता, ती नापास झाली. आणि तिला तो मी शिकवला होता!

“नियम म्हणजे नियम,” सर म्हणाले. “बाकीचे पास झालेच ना? निकाल उत्तम आहे.”

सरांशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी रिक्षा करून थेट गंजाडला गेले. शेठ वाडीत खुर्ची टाकून चिकूच्या करंड्या भरणाऱ्या बायकांवर नजर ठेवून होते. मी पदर सावरून अगदी गरीब तोंड केलं. हे मला जमतं, इतकी वर्षं त्याच संस्थेत काढली आहेत.

“शेठ, तुमचं शतक विचारणारी ती मुलगी आठवते? तीच नापास झाली. एकटी तीच.”

शेठ खुर्चीतून उठले. “जिला आमच्याबद्दल एवढी आस्था, तीच नापास? हा काय पोरखेळ लावलाय सुदर्शनने?” त्यांनी तिथूनच फोन लावला. सर पलीकडून नियम सांगायला गेले असावेत, कारण शेठ म्हणाले, “नियम कुणी केला? मग मोडायला कुणाला विचारायचं?” माझ्या तीन महिन्यांच्या अर्जविनंत्यांनी जे झालं नसतं ते एका माणसाच्या फुगलेल्या छातीने चहा निवायच्या आत केलं. फेरपरीक्षा ठरली. शेठांच्या दोन अटी होत्या. एक, तिच्यासाठी नवा धडा, नव्या उद्घाटनासह. दोन, शेवटी एक प्रश्न लेखी हवा: ‘एकनाथशेठ यांच्या कार्यावर टीप लिहा.’ ती टीप प्राचार्य जातीने तपासतील आणि तीत पास झाल्याशिवाय पास नाही.

“दोन्ही मान्य,” मी म्हणाले. “फक्त सूत्रसंचालन मी करीन, शेठ. तुमची ओळख मी करून देईन. इंग्रजीतून.”

तलासरीला पुन्हा सोनेरी पडदा लागला. मी सगळ्यांच्या आधी, समईची वातसुद्धा पेटायच्या आधी, माइक हातात घेतला आणि शेठांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. ज्या किनाऱ्याने वाऱ्याची वाट बघायला शिकवलं, त्या किनाऱ्याचे सुपुत्र, असं म्हणून मी वाऱ्यांवर गेले. ज्यांच्या पूर्वजांच्या काळी या बाजूचं कापड आफ्रिकेच्या बाजारात जात असे, असं म्हणून कापडावर, मग मण्यांवर, मग नाकारलेल्या मालावर. अधूनमधून ‘आदरणीय एकनाथशेठ’ म्हणत राहिले. सर मान डोलावत होते. दर्शनने एकदा माझ्याकडे बघितलं, मग गुपचूप कॅमेरा माझ्यावरच ठेवला. अख्खा अभ्यासक्रम मी त्या ओळखीत घातला आणि एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नाही, कारण आमच्याकडे ओळख कुणी ऐकतच नाही. टाळ्या कधी वाजवायच्या एवढंच ऐकतात.

संपल्यावर शेठांनी माझे दोन्ही हात धरले. “आमच्या घराण्याबद्दल एवढं आम्हालाही माहीत नव्हतं हो!”

यंत्राने इमानदारीत जे जास्त बोललं गेलं त्यावर प्रश्न काढले. थोकोने सगळे बरोबर सोडवले. राहिली टीप. ती स्कॅन होऊन ऑफिसात आली तेव्हा मी तिथेच होते. मी ती वाचली. सर वाचतील आणि शाळेतली ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल, याबद्दल मला शंका उरली नाही. खोटं लिहायला मी तिला शिकवलं नव्हतं. एवढं एकच शिकवायचं राहिलं होतं.

सरांनी चष्मा लावला. कागद हातात घेतला. अक्षर बघितलं, लांबी बघितली, ‘एकनाथशेठ’ हा शब्द किती वेळा आलाय ते बोट फिरवून बघितलं.

“वा,” ते म्हणाले. “इंग्रजी फर्स्टक्लास आहे हं पोरीचं.” आणि त्यांनी तिला पास केलं.

थोको आता सरोवराकाठच्या त्या शाळेत शिकवते. माझी आई रविवारी तिच्या आजीची चौकशी करते. आणि ती टीप सरांनी चौकटीत बसवून ऑफिसात शेठांच्या फोटोखाली टांगली आहे, मूल्यांकन समितीला दाखवायला. समिती आली, चौकटीसमोर उभी राहून फोटो काढून गेली. शेठ महिन्यातून एकदा येतात, तिला हात जोडतात. ती वाचलेली माणसं जगात दोन: जिने लिहिली ती आणि मी. सकाळी मस्टरवर सही करताना मी ती रोज वाचते:

‘एकनाथशेठ यांना मी पुष्कळ वेळा पाहिले आहे, पण शेवटपर्यंत कधीच नाही. एकनाथशेठ बोलू लागले की आमच्या वर्गातले लोक एकेक करून दिसेनासे होतात. ते रागाने जात नाहीत, त्यांचा डेटा संपतो. एकनाथशेठ यांना हे कुणी सांगितलेले नसावे. माझ्या मॅडमनी शिकवले आहे, की पूर्वी तुमच्या किनाऱ्यावरून आमच्याकडे माल येत असे तेव्हा आमच्या बायका तो हातात घेऊन बघत आणि आवडला नाही तर घेत नसत, मग तुम्हाला आमच्या आवडीचा माल आणावा लागे. एकनाथशेठ यांचे कार्य असे, की त्यांच्या काळात ही पद्धत बंद झाली. आता तुमच्याकडून जे येते, ते पुढे ढकलायचे बटणही आमच्याकडे नाही.’